मधला ठोका जड

आजवर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी एकच सांगत आले, की बापाच्या काळजीनं माझ्या तोंडून ते निघून गेलं. नवऱ्याला हेच सांगितलं, नणंदेला हेच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, वर कौतुकही केलं, मुलगी असावी तर अशी. कौतुक कसलं, डोंबल! काळजीबिळजी काही नव्हती. चारचौघांत माझा अपमान झाला होता आणि मला राग आला होता, म्हणून मी बोलले. आता वय झालं, खोटं सांभाळत बसायचा कंटाळा येतो.

आम्ही भिवंडीलगतच्या कोन गावचे. बाबा रोज सकाळी सायकल मारत भिवंडीला जायचा, एका शेठच्या पॉवरलूमच्या कारखान्यात. तिथं तो जॉबर होता. माग अडला, कापडात खोट यायला लागली, की कारागीर जॉबरला बोलावतात आणि तो पाना घेऊन येतो. चाळीस माग एकदम धडधडत असताना त्यातल्या एकाचाच आवाज बिघडलाय, हे बाबाला दारातून कळतं, अशी त्याची ख्याती होती. मी शाळेत असताना त्याचा डबा घेऊन जायची. तो मला दारात उभं करून विचारायचा, "सांग गो बाय, कंचा माग रडतंय?" मला सगळे सारखेच ओरडताना ऐकू यायचे. तो हसायचा आणि सरळ चालत जाऊन बरोब्बर त्या मागापाशी थांबायचा.

पुढं पुढं तो दारातून ओळखेनासा झाला. एकेका मागाच्या अंगावर तळहात ठेवत फिरायला लागला, डोळे मिटून. कारागीर म्हणायचे, मिस्त्री नाडी बघतात. शेठही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आमचे मिस्त्री म्हणजे वैद्य आहेत वैद्य. मलाही अभिमान वाटायचा, कशाला खोटं बोलू.

तुम्ही कधी पॉवरलूमच्या कारखान्यात गेला नसाल तर एक सांगायला हवं. तिथं बोलणं कानानं होत नाही. समोरच्याकडं तोंड करायचं, ओठ मोठे हलवायचे, शब्द तोडून तोडून दाखवायचा, जोडीला दोन बोटं नाचवायची. युपीचा कारागीर आणि आमचा आगरी बाप्या असे तासभर गप्पा मारायचे, एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी करायचे, चेष्टा करायचे, आणि तुमच्या कानावर एक अक्षर पडेल तर शपथ. बाबा घरी आल्यावरही आमच्या तोंडाकडं बघूनच ऐकायचा. रेडिओ लावायचा नाही. आई त्याच्याशी बोलण्याआधी त्याच्या दंडाला हात लावायची. कारखान्याची सवय ती, आम्ही पोरं म्हणायचो, घरातसुद्धा सुटत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदच्या दशकातली ती वर्षं, परदेशातून काहीबाही यायला लागलं होतं. शेठनी स्पेनमधल्या कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीचे आठ माग घेतले. जुनेच, पण आमच्या मागांपुढं नवरदेव. आडवा दोरा नेणारा धोटा नाही, इकडून तिकडं नुसता दोरा झेपावतो. ते दापोड्याच्या गोदामात येऊन पडले आणि शेठनी बाबाला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, तिकडचा एक माणूस येतोय, पंधरा दिवस राहील, माग बसवून देईल. त्याच्याकडून शिकून घ्या. पुढं तेच चालणार. जुने सगळे मी काढणार. ज्याला हे जमतील तोच जॉबर." शेठ माणूस गोड, पण बोलले ते स्पष्ट बोलले. बाबाच्या हाताखाली एक तरणा मदतनीस होता, चलाख. तोही तिथंच उभा होता.

येणाऱ्या माणसाला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. मुंबईचा दुभाषी एक दिवस येऊन बघून गेला, नाकाला रुमाल लावून, आणि पुन्हा फिरकला नाही. मग शेठना मी आठवले. मिस्त्रींची मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. करते. त्यांनी फोर्टच्या फुटपाथवरून एक जुनं पुस्तक आणवलं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं, पाठीचा पुठ्ठा सुटलेलं. "बेटी," ते मला म्हणाले, "तू शीक आणि बापाला शिकव. कामापुरते वीसपंचवीस शब्द. तुझ्यावर भरवसा आहे माझा." त्या भरवशानं मी अशी फुगले की विचारू नका.

पुस्तकाचा पहिलाच धडा होता शब्द कसा तोडायचा आणि जोर कुठं द्यायचा. मला तो फार आवडला, कारण त्यात फसवाफसवी नव्हती. इंग्रजीत जोर कुठं पडेल त्याला धरबंद नाही, मास्तर सांगतील ते खरं. इथं सगळं नियमात. दोन स्वरांच्या मध्ये एक व्यंजन आलं की ते पुढच्या स्वराबरोबर जाणार. दोन आली की बहुतेक वेळा एक इकडं, एक तिकडं. शब्द स्वरावर, न वर किंवा स वर संपला तर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर. दुसऱ्या कशावर संपला तर शेवटच्यावर. आणि जिथं हे मोडायचं असेल तिथं डोक्यावर बारीकशी तिरकी रेघ देऊन ठेवलेली. तेलार म्हणजे माग: ते-लार, शेवटचा जड. ईलो म्हणजे दोरा: ई-लो, पहिला जड. माकिना म्हणजे मशीन: मा-कि-ना, पहिल्यावर रेघ, म्हणून पहिला जड. आणि कुइदादो. सांभाळून! याचे तुकडे चार नाहीत, तीनच, कारण उ आणि इ एकमेकांना सोडत नाहीत. कुइ-दा-दो. मधला जड.

बाबा कामावरून आला, हातपाय धुतले, चहा झाला, की आम्ही ओट्यावर बसायचो. मी वही मांडीवर घेऊन पेन्सिलीनं ठोके द्यायची आणि बोलायची. मला वाटलं होतं हा पठ्ठ्या एका दिवसात शिकेल. ज्यानं जन्मभर ठोके ऐकले त्याला हे काय अवघड? आणि तुकडे त्यानं खरंच एका दिवसात जमवले. मी शब्द म्हटला की तो लगेच बोटं वर करायचा. दोन. तीन. एकदाही चुकला नाही. पण जोर विचारला की त्याची पंचाईत.

"कुठला जड, बाबा?"

"पयला."

"अरे, नीट ऐक ना! कुइ-दा-दो."

"शेवटचा."

"कुठलाही सांगतोस! चाळीस मागांतला एक ओळखतोस आणि तिनातला एक ओळखता येत नाही?"

तो कसनुसा हसायचा. चार दिवस हेच. मी आधीच तिखट जिभेची, आणि डोक्यात शेठचा भरवसा शिरलेला. चौथ्या दिवशी मी वही आपटली. पाणी प्यायला आत गेले आणि माठापाशी पाठमोरी उभी राहून म्हटलं, "तू मुद्दाम करतोस ना हे?" उत्तर नाही. "बाबा, मी काय विचारतेय?" उत्तर नाही. मी दारात येऊन बघितलं. तो पुस्तक उलटंसुलटं करून बघत बसला होता, माझ्याकडं पाठ. मला काय सुचलं कोण जाणे, मी मोठ्यांदा म्हटलं, "बाबा, घराला आग लागलीय." शेजारची काकू तिच्या दारातून "अगो बाय, कुठं?" करत धावत आली. बाबानं पान उलटलं.

काकूला काहीतरी सांगून परत पाठवलं. मी जाऊन त्याच्यासमोर बसले. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलंय हे त्याला समजलं. तुकडे ओठांवर दिसतात. तोंड किती वेळा उघडलं ते मोजलं की झालं. जोर मात्र ऐकावा लागतो. माझी पेन्सिल नुसती मोजणी करत होती, जोर सगळा माझ्या आवाजात होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली असतील पाच-सहा वर्सं. आदी हा कान, मग तो."

"आईला माहीत आहे?"

"तिला सगलं ठाव हाय."

मग त्यानं माझा हात धरला. बाबानं माझा हात असा लहानपणी जत्रेत धरला असेल तेवढाच. "बाय, कुनाला बोलू नको. जॉबरचा कान गेला म्हंजे जॉबर गेला. मी हातानं भागवतंय. कोनाचा एक तागा माज्यामुलं खराब न्हाय झाला." मी म्हटलं, नाही बोलणार. आईची शपथ घेतली, त्याच्याकडं तोंड करून, सावकाश, म्हणजे त्याला प्रत्येक शब्द दिसावा.

पुढचे दिवस मी त्याला शब्द बघायला शिकवले. जोराचा नाद सोडला. कुठल्या शब्दाला ओठ गोल होतात, कुठल्याला फाकतात. तेलारला जीभ दिसते. तो हुशार, पटापट पकडायचा. पंधरा दिवसांत आम्ही पंचवीस शब्द बसवले आणि मला वाटलं, जिंकलो. आईनं त्याच्या निळ्या सदऱ्याला इस्त्री केली.

माग गोदामातून कारखान्यात आले आणि तो स्पॅनिश माणूस आला. मोठा चांगला माणूस, हसरा, कुणी चहा दिला की छातीवर हात ठेवणारा. पण त्याच्या मिश्या! वरचा ओठ पार झाकून खालच्यावर उतरलेल्या. मी बाबाकडं बघितलं, बाबानं माझ्याकडं. आमच्या पंधरा दिवसांवर पाणी पडलं ते तिथंच. आजही झुपकेदार मिश्यांचा माणूस दिसला की मी त्याचे ओठ शोधते.

दोन दिवस बाबानं निभावलं. तो माणूस हातानं दाखवायचा, बाबा मान हलवून "सी, सी", म्हणजे हो हो, म्हणायचा, आणि हातांची भाषा कळायला बाबाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मध्ये उभी राहून अडलं तिथं बाबाकडं तोंड करून सांगायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माणसानं बाबाच्या पाठीवर थाप मारली. शेठनी ती बघितली. सायकल ढकलत माझ्या बाजूनं घरी येताना बाबा त्या दिवशी शिट्टी वाजवत होता, बेसूर. मला हसू आलं आणि लगेच रडूही.

तिसऱ्या दिवशी पहिला माग चालवून बघायचा होता. शेठ घरच्या मंडळींना घेऊन आले. नव्या मागाचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यांनी जुने सगळे माग बंद करवले. चाळीस माग थांबले. तो कारखाना मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प ऐकला. कारागीर गोल करून उभे राहिले. बाबा मागाच्या मागल्या बाजूला वाकून एक तुटका दोरा काढत होता. त्या माणसाला वाटलं झालं काम. त्यानं बटणावर हात ठेवला आणि मोठ्यानं हाक दिली, "कुइदादो!" बाबा वाकलेलाच. त्यानं पुन्हा हाक दिली, आणि आता हात काढला असेल असं धरून बटण दाबलं.

मी किंचाळले. कारागीर किंचाळले. त्या माणसानं लगेच माग थांबवला, तोवर निळ्या सदऱ्याची बाही आत ओढली गेली होती आणि अंगठ्याचं नख निघालं होतं. हात वाचला. तेवढं दैव म्हणायचं. मदतनिसानं धावत जाऊन बाबाला ओढून बाहेर काढलं आणि त्याच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली.

तो स्पॅनिश माणूस पांढराफटक पडला होता. तो माझ्याकडं वळला आणि भडाभडा बोलायला लागला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं तीन बोटं वर करून एकेक बोट दुमडत म्हटलं, कुइ, दा, दो, आणि हात पसरले. हा शब्दसुद्धा शिकवला नाहीस? शेठही घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस रागावतोच. "बेटी, पंधरा दिवस काय शिकवलंस तू बापाला? हात गेला असता त्यांचा! तुझ्या भरवशावर राहिलो मी." सगळ्या कारागिरांसमोर, शेठच्या घरच्या बायकांसमोर. त्यातली एक माझ्याच कॉलेजात होती.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. बापाचं बोट रक्ताळलेलं समोर दिसत होतं आणि मला आठवत होता तो माझा पहिला धडा, माझे नियम, माझी वही. मी म्हटलं, "मी नीट शिकवलंय! एकेक शब्द तोडून शिकवलाय! त्याला ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?"

चाळीस माग बंद होते. शेवटच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही स्पष्ट ऐकू गेलं. ऐकू गेलं नाही ते एकट्या बाबाला. पण तो चिंधी धरून माझ्या समोरच उभा होता आणि काय गोंधळ चाललाय ते कळावं म्हणून माझ्याच तोंडाकडं बघत होता. त्याला दिसावं म्हणून मोठे ओठ करून बोलायची मला पंधरा दिवसांत सवय झाली होती. मी तसंच बोलले.

त्यानं वाकून पाना उचलला, पुसला आणि मदतनिसाच्या हातात दिला. शेठनी त्याला काढलं नाही, उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मिस्त्री, उद्यापासून घडीच्या टेबलावर बसा. कापड तपासायचं, खोट दिसली की खडूनं खूण करायची. डोळ्यांचं काम, कानाचं नाही. वीस वर्षं जॉबर असलेला माणूस पोरासोरांबरोबर कापडाच्या घड्या घालायला बसला. आणि मला हेही कबूल करायला हवं की त्या मागांवर तो राहिला असता तर कधी ना कधी हात गेला असता. म्हणून तर ते काळजीचं खोटं इतकी वर्षं चाललं. परिणाम बरा झाला की हेतूही बरा होता म्हणायला माणूस मोकळा.

बाबा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघायचं सोडलं. जो डोळ्यांनी ऐकतो त्यानं मान वळवली की संपलं. मी समोर जाऊन बसले की तो उठून गुरांकडं जायचा. मी जेवायला वाढलं तर ताटाकडं बघायचा. आईनं एकदा त्याला खडसावलं, "पोरगी हाय ती आपली, किती दिस धरशील?" तो म्हणाला, "मी काय धरलंय? मना ऐकू येत न्हाय." माझं लग्न ठरलं, झालं. निघताना सगळे रडत होते आणि बाबा मांडवाच्या दोऱ्या सोडत होता.

त्यानंतर चौथ्या वर्षी मी माहेरी आले होते, कडेवर वर्षाची मुलगी. शुक्रवार होता, कारखान्यांना सुट्टी, म्हणून बाबा दुपारचा घरी. मुलीला झोपवून मी ओट्यावर येऊन बसले, त्याच्यापासून लांबच, सवयीनं. तो उठून आत गेला. मला वाटलं, नेहमीचंच. पण तो परत आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याच्या हातात ते पुस्तक होतं. पुठ्ठ्याला नवीन कापड चिकटवलं होतं, घडीच्या टेबलावरचं चिंधूक असावं. त्यानं खूण घातलेलं पान काढलं, माझी पेन्सिलीची रेघ होती तिथं बोट ठेवलं, आणि नख वाकडं आलेला तो उजवा हात माझ्यापुढं उघडा धरला.

"ठोक," तो म्हणाला.

मी दोन बोटांनी त्याच्या तळहातावर ठोकलं. कुइ हलका. दा जोरात. दो हलका.

त्यानं डोळे मिटले. मागावर हात ठेवून मिटायचा तसेच. "परत." मी परत ठोकलं.

"मधला जड," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"येवढंच व्हतं?" बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं बोलत होता, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. "असं हातावर दिलं असतंस तवा, तं पयल्याच दिसी कलला असता. तू वहीवर ठोकत बसलीस."

तो चिडून बोलला नाही. मागातली खोट सापडल्यावर कारागिराला सांगायचा, तसं सांगितलं. मला एवढं मोठं कॉलेज, एवढे नियम, आणि ज्याला तळहातानं ऐकू येतं हे सगळ्या भिवंडीला ठाऊक होतं त्याचा हात मी एकदाही हातात घेतला नाही. त्यानं घेतला होता माझा, गप्प राहा म्हणून विनवताना.

मी म्हटलं, "माझं चुकलं." तो पुस्तकाकडं बघत होता. मग मी त्याचा हात ओढून घेतला आणि तेच तळहातावर ठोकलं. मा-झं चुक-लं. जोर कुठं द्यायचा ते मला कळेना. सगळेच ठोके जड पडले.

"चार," बाबानं मोजलं. "ह्यो कंचा शबुद? ह्यो तू शिकवला न्हाय."

आणि त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, ओठ कधी हलतात त्याची वाट बघत. मला रडू इतकं आलं होतं की ओठ धड हलेनात.